आज खाडो कोणाचो?

आमच्या गावच्या मुंबई मंडळात आजीला तीन हाका होत्या. आजोबांच्या बरोबरीचे गावकरी तिला ‘वयनी’ म्हणत, त्यांची मुलं ‘काकी’ आणि त्या मुलांची मुलं ‘आजी’. संक्रांत झाली की एखाद्या रविवारी मंडळाचं वार्षिक संमेलन भरायचं, आणि त्या दिवशी तिन्ही हाका एकाच दारात ऐकू यायच्या. आजी दाराशीच बसायची. व्यासपीठावर तिच्यासाठी खुर्ची ठेवलेली असे, पण शाल-नारळ घेण्यापुरती ती तिथे जायची आणि परत दाराशी यायची. येणाऱ्या माणसाला तिचा प्रश्न ठरलेला, “आज खाडो कोणाचो?”

प्रश्न खानावळीतला होता. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत गावचे वीस-बावीस गिरणी कामगार जेवायला येत. पाळ्या तीन, त्यामुळे चूल दिवसातून तीनदा पेटायची. जो जेवायला आला नाही त्याचा त्या दिवशी खाडा, आणि महिन्याचे पैसे घेताना खाडे वजा करायचे. आजीला अक्षरओळख नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत ती कोळशाने खुणा करायची. मधल्या वाडीतल्या थोरल्या भावाची एक आडवी रेघ, धाकट्याच्या दोन, एकाचा घर बांधून झालं म्हणून त्रिकोण, आणि जो पूर्वी तारवावर होता त्याची होडीसारखी वाकडी रेघ. त्या खुणा फक्त तिलाच वाचता यायच्या, पण हिशेबावरून कधी तंटा झाल्याचं कोणी सांगत नाही.

गाव देवगड तालुक्यातलं. आजीची जन्मतारीख कुठेच लिहिलेली नव्हती. ‘रामदास’ बोट बुडाली त्या साली आपलं लग्न झालं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे १९४७. रेवसला निघालेली ती बोट जुलैत बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यामुळे पावसाळा सरल्यावर विजयदुर्गला पडावातून आगबोटीवर चढताना आजीने डोळे गच्च मिटून घेतले होते. भाऊच्या धक्क्याला उतरली ती थेट लालबागला आली. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते.

संमेलनाचा दिवस म्हणजे सकाळी सत्यनारायण, मग पंगत, दुपारी हळदीकुंकू आणि मुलांचा गुणगौरव, रात्री दशावतार. आधी हे सगळं चाळीच्या पटांगणात व्हायचं, नंतर काही वर्षं परळच्या दामोदर हॉलमध्ये. गुणगौरवात वह्या आणि कंपासपेटी मिळायची. चौथीत मला मिळालेली कंपासपेटी आजीने उघडून बघितली, त्यातला कंपास हातात धरला आणि विचारलं, “ह्येचा काय करतत?” मी वर्तुळ काढून दाखवलं. तिने त्या वर्तुळावरून बोट फिरवलं आणि कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

पण माझ्या मनात संमेलन म्हणजे आदल्या रात्रीपासूनचा स्वयंपाक. काळे वाटाणे संध्याकाळीच भिजत पडायचे. कांदा-खोबरं भाजून बायका आळीपाळीने पाट्यावर वाटण वाटत. सांबाऱ्याचा टोप मात्र आजीच्या ताब्यात. शिजलेला वाटाणा ती तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबायची. साल सुटून आतला गर पिठासारखा पसरला तर ठीक, मधे जराशी कणी लागली तर पुन्हा झाकण. बाहेर दोनशे माणसांची पंगत बसलेली असली तरी तिला घाई नसे.

तो टोप तिचा स्वतःचा. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे आजीलाही ते मिळालं. कर्जाच्या कागदावर अंगठा द्यायचा नाही म्हणून ती आपलं नाव गिरवायला शिकली, पन्नाशीला आली असताना. पहिल्या पैशातून तिने हा टोप घेतला आणि भांडीवाल्याकडून कडेवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घेतलं. तीच चार अक्षरं ती शेवटपर्यंत वाचू शकली. संमेलनाला दिलेला टोप घरी आणायचा कधीतरी राहिला आणि तो मंडळाच्या भांड्यांतलाच झाला.

आजोबा गेल्यावर हळदीकुंकवाच्या वेळी ती मुकाट्याने भांड्यांपाशी जाऊन बसायला लागली. दोन वर्षं कोणी काही बोललं नाही. जिच्या हातचं जेवलो तिला आम्ही तिथे बसू दिलं, हे मला आजही खटकतं. तिसऱ्या वर्षी आईने वाण तिथेच नेऊन तिच्या ओटीत घातलं, आणि मग बाकीच्या बायका रांगेने आत गेल्या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वर्षीचं संमेलन ठरल्या दिवशी झालं. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल, असंच सगळे बोलत होते. सिंधुदुर्ग जिल्हा आदल्या वर्षीच झाला होता, आणि मंडळाच्या जुन्या पावत्यांवर ‘जि. रत्नागिरी’ खोडून नवा शिक्का मारलेला मला आठवतो. आजीने सगळ्यांना उधारीवर जेवायला घातलं. एप्रिल-मेपर्यंत एकेक जण गावी जायला लागला. पत्र्याच्या ट्रंका तेवढ्या मुंबईतल्या ‘गावच्या खोलीत’, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत, राहिल्या. पुढच्या जानेवारीत तिथे चार माणसं उरली होती.

वर्गणी कोणाकडे मागायची, म्हणून कमिटीने संमेलन रद्द करायचं ठरवलं. बायका तोवर मीटिंगला जात नसत. आजी गेली. “वर्गणी नको,” ती म्हणाली, “माका बघूक व्हया, कोण रवलो तो.” संमेलन झालं. गावाहून कोणीतरी पाठवलेल्या कुळथाची पिठी आणि भात. दशावतार नाही, नुसतं भजन. साठ-बासष्ट माणसं आली. आजी दाराशी बसली होती, पण त्या वर्षी तिने आपला प्रश्न कोणालाच विचारला नाही.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या गेल्या, माणसं विरार-डोंबिवलीला पांगली, तरी संमेलन कधी चुकलं नाही. बऱ्याच वर्षांनी एकदा तो होडीच्या खुणेचा माणूस खास गावाहून आला. संपातली उधारी फेडायची म्हणून रुमालात पैसे बांधून आणले होते. किती झाले, विचारू लागला. आजी म्हणाली, “त्या वर्साचा कॅलेंडर उंदरांनी खाल्ल्यानी. तू जेव आधी.” तो जेवला, आणि जेवून उठल्यावर खांबाआड जाऊन उभा राहिला. पैसे तिने घेतले नाहीत.

२०२३ च्या पावसाळ्यात आजी गेली. शंभरीला चार-पाच वर्षं कमी असतील. तिची ट्रंक आम्ही दिवसकार्य झाल्यावर उघडली. दोन लुगडी, मंडळाच्या सहा शाली घडीसुद्धा न मोडलेल्या, वर्तुळ काढलेला एक पिवळा कागद आणि तळाशी सुतळीने बांधलेली एक गुंडाळी. १९८२ चं कॅलेंडर. एकाही पानाला उंदीर लागला नव्हता.

जानेवारीच्या चौकटीत एखाद-दुसरी खूण. मेमध्ये सात-आठ. गावी गेलेल्या प्रत्येकाचा खाडा तिने रोजच्या रोज मांडला होता, एकही दिवस न चुकवता. दिवाळीच्या पानावर कोळसा फासला जाऊन बोटांचे ठसे उमटलेत. ३१ डिसेंबरच्या चौकटीत खुणा मावत नाहीत म्हणून काही खाली समासात गेल्यात. तिथे त्रिकोण आहे, दोन आडव्या रेघा आहेत, आणि अगदी कडेला होडी.