पानाआडची मिरची

नेदरलँड्समध्ये आम्ही नऊ दिवस होतो. ॲम्स्टरडॅमचे कालवे, ट्युलिपच्या बागेतली जत्रेसारखी गर्दी, हाडं गोठवणारा वारा, सगळं झालं. पण परत आल्यापासून मनात घोळतोय तो वेस्टलँडमधल्या एका काचघरातला तासभर.

वेस्टलँड हा हेगच्या शेजारचा पट्टा. बसमधून दोन्हीकडे नुसती काच दिसते. एप्रिलच्या सुरुवातीला एका शनिवार-रविवारी इथले शेतकरी आपली काचघरं लोकांना बघायला उघडी ठेवतात. डेल्फ्टला राहणाऱ्या माझ्या भावाने तेच दिवस साधून आम्हाला बोलावलं होतं, खास अण्णांसाठी, म्हणजे आमच्या वडिलांसाठी. जुन्नरकडे शेडनेटमध्ये आमची ढोबळी मिरची असते आणि हल्ली तोड्याला माणसं मिळत नाहीत. आदल्या रात्री दहा फोन करावे तेव्हा सकाळी चार बायका येतात.

आत माती नव्हतीच. रॉकवूलच्या, म्हणजे दगड वितळवून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंच्या लाद्यांवर झाडं, दोरीवर चढवलेली, आणि फांद्यांना छोट्या कागदी पुड्या लटकवलेल्या. किडी खाणारे बारीक कोळी त्यात असतात, म्हणजे फवारणी कमी. दोन ओळींच्या मधे लोखंडी पाइप होते. त्यातून गरम पाणी फिरतं आणि त्यांच्यावरूनच रुळासारख्या तोडणीच्या गाड्या चालतात. अण्णा वाकून ते पाइप बघत बसले. "एका खर्चात दोन कामं!"

त्या रुळांवरच प्रात्यक्षिकासाठी रोबोट ठेवला होता. लख्ख दिवा लागायचा, कॅमेरा बघायचा, मग हात पुढे जायचा आणि थरथरणारं पातं देठ कापायचं. मिरची खाली झेलली जायची. मी मनात सेकंद मोजत होते, एका मिरचीला वीसच्या पुढे जायचे. एक पिकलेली लाल मिरची पानाआड होती, अर्धी दिसत होती. रोबोट तिच्यासमोर थांबला आणि तिला तशीच ठेवून पुढे सरकला.

"अहो, पान बाजूला का नाही करत तो?" अण्णांनी मराठीतच विचारलं. भावाने इंग्रजीत सांगितलं.

तिथला तरुण इंजिनिअर म्हणाला, तेच तर अवघड आहे. 2018 मध्ये 'स्वीपर' नावाच्या रोबोटची नेदरलँड्समधल्याच एका काचघरात चाचणी झाली होती. एका मिरचीला सरासरी 24 सेकंद लागले. यंत्राला सोयीची अशी झाडं असतील तिथे 61 टक्के मिरच्या निघाल्या, नेहमीच्या लागवडीत फक्त 18 टक्के. म्हणून आता झाडच रोबोटला सोपं जाईल असं वाढवायचा प्रयत्न आहे.

मला हे खटकलं. आपल्याकडे ऊसतोडणी यंत्र आलं तेव्हाही सरी रुंद करावी लागली ती शेतकऱ्यालाच. पण आईची कंबर आठवली की वाटतं, करू की सरी रुंद. पानं काढू. यंत्र येऊ दे, आणि ते आमच्यासारख्या दोन एकरवाल्याला परवडू दे. आज तरी ते परवडेल असं मला कुठूनही दिसत नाही.

अण्णांना राहवलं नाही. परवानगी घेऊन, हातमोजे घालून त्यांनी ती राहिलेली मिरची धरली. करंगळीने पान मागे सारलं, अंगठा देठाच्या गाठीवर टेकवला आणि हलकेच वर उचलली. कट्, सुटली. "मोज्यात देठ नीट कळत नाही," म्हणाले. इंजिनिअरने फोन काढला आणि पुन्हा एकदा, जरा सावकाश करून दाखवा अशी विनंती केली. अण्णांनी तीनदा करून दाखवलं. त्याने तिन्ही वेळा फक्त त्यांच्या हाताचं चित्रीकरण केलं.

परतताना बसमधून अण्णांनी आईला फोन लावला. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात झाले होते. तोडा झाला का, त्यांनी विचारलं.

"कुठला? दोघीच आल्या," आई म्हणाली. "एक ओळ मी धरली. अजून निम्मी राहिलीये."