शेवटी ६.३ आलं बे!

तीन महिन्यांपूर्वी एचबीएवनसी (शुगरची रक्ततपासणी) ८.४ आलं होतं, तेव्हा लॅबच्या पायरीवरच बसून राहिलो होतो दहा मिनिटं. आज परत रिपोर्ट आणला आणि ६.३! हा आकडा रक्तातल्या साखरेची साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळे आदल्या दिवशी उपाशी राहून फसवता येत नाही, मी विचारून बघितलं होतं डॉक्टरांना, नुसते हसले.

केलं काय तर गोळी वेळेवर, चहा बिनसाखरेचा (पहिला आठवडा नुसता काढा पिल्यासारखं वाटलं) आणि संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं अर्धा तास चालणं. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते असं वाटायचं मला, पण ज्वारीत पण कार्ब असतातच की, मग तीनवरून दीडवर आलो. ती अर्धी बायको मोडून देते ना, नेमका लहान तुकडाच माझ्या ताटात येतो!

आईनं आनंदात शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला होता, थांबवलं. मग कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. चटणी दोनदा घेतली. गोळी बंद करू का विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "चालू ठेवा, तीन महिन्यांनी बघू."