पहिल्या वेळीच टाका का घातला नाही?

दुसऱ्या खेपेस गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि मुलगी पूर्ण दिवसांची झाली, हे ज्यांना ठाऊक आहे ते कधी ना कधी विचारतातच, की मग पहिल्या वेळीच टाका का घालून घेतला नाही. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. तरीही, पहिल्या खेपेचा मुलगा वाचवता आला असता आणि तुम्ही तो वाचवला नाही, असेच मला त्यातून ऐकू येते. म्हणून हे उत्तर एकदा सविस्तर लिहीत आहे.

गर्भाशयमुख, म्हणजे पिशवीचे तोंड, कमकुवत आहे की नाही, म्हणजे ते दिवस भरण्याआधीच उघडेल का, हे गर्भ राहण्याआधी खात्रीने सांगणारी तपासणी नाही. बहुतेक वेळा ते मूल गमावल्यावरच कळते. मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत काम केलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी 1955 मध्ये मांडीच्या स्नायूंवरील आवरणाची पट्टी वापरून गर्भाशयमुख बांधण्याची जी शस्त्रक्रिया मांडली, तीसुद्धा मधल्या महिन्यांत पुन्हा पुन्हा गर्भ गमावणाऱ्या स्त्रियांसाठीच होती. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्डॉनल्डांनी 1957 मध्ये बटव्याच्या नाडीसारखा सोपा टाका सांगितला. मला तोच घातला गेला.

पहिल्या वेळी पाचवा महिना होता. ओटीपोट जड वाटत होते, कंबर भरून आली होती आणि अंगावरून थोडे पाणचट जात होते. कळा नव्हत्या, रक्त नव्हते, आणि घरातल्या अनुभवी बायकांनाही त्यात वेगळे काही दिसले नाही. रुग्णालयात तपासताना डॉक्टर एकदम गप्प झाल्या. पिशवीचे तोंड उघडले होते आणि पाणमोट, म्हणजे गर्भाभोवतीचे पाण्याचे आवरण, खाली उतरली होती. मला पलंगाचे पायथे उंच करून झोपवले. अशा अवस्थेतही टाका घालता येतो, असे त्यांनी आम्हाला सांगितले होते, आणि त्या एका वाक्यावर मी ती संध्याकाळ काढली. मग ताप चढला, रक्ताच्या तपासणीत संसर्गाची चिन्हे आली, आणि टाका घालणे म्हणजे संसर्ग आत कोंडून ठेवणे, असे त्यांनी माझ्या नवऱ्याला आणि मला समोर बसून समजावले. मी तरीही, घालाच, असे म्हणत राहिले. पहाटे मुलगा झाला. तो थोडा वेळ जिवंत होता आणि तेवढा वेळ तो माझ्याजवळ होता. त्याला वाचवण्याइतके दिवस भरलेले नव्हते.

त्यानंतर बराच काळ मी मनाशी म्हणत असे, की आणखी आग्रह धरला असता तर त्यांनी टाका घातला असता. आज मला वाटते, की त्या रात्री टाक्याने माझाच जीव धोक्यात आला असता. पण हे मी पटवून घेतले आहे की मला पटले आहे, याची मला दर वेळी खात्री नसते.

मुलगी टाक्यामुळेच राहिली, असेही मी म्हणत नाही. टाका घालावा की नाही याविषयी डॉक्टरच साशंक होते अशा 1292 स्त्रियांवरील 1993 च्या अभ्यासात, साधारण 25 जणींना टाका घातल्यावर एकीची 33 आठवड्यांपूर्वीची प्रसूती टळली. उरलेल्यांना टाका घालूनही तो फरक पडला नाही. मी त्या एकीपैकी होते की उरलेल्यांपैकी, हे कोणी सांगू शकत नाही. माझा टाका तिसरा महिना संपल्यावर घातला आणि नववा महिना लागल्यावर काढला. मधल्या काळात मी रोज भीत होते, आणि घरचे सांगत तसे पडून राहण्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही हे माहीत असूनही पडून राहिले.

आता पहिलटकरणी मला विचारतात, की आम्ही आधीच टाका घालून घ्यावा का. नाही. टाक्यालाही संसर्गाचा आणि पाणमोट फुटण्याचा धोका आहे, आणि जुळी असताना केवळ तोंडाची लांबी कमी म्हणून घातलेल्या टाक्याचा फायदा दिसलेला नाही. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत आतून लांबी मोजावी का, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. आधी मूल गमावलेले असेल आणि 24 आठवड्यांपूर्वी ती 25 मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर टाक्याचा विचार होतो. माझी पहिल्या वेळी कोणी मोजली नव्हती. मोजली असती तर ती कमी भरली असती का, आणि आधी काहीच घडलेले नसताना कोणी टाका घातला असता का, हे दोन प्रश्न मी स्वतःलाच विचारते. तुमच्या प्रश्नापेक्षा मला तेच जास्त छळतात.