सेट म्हणून घेतला, निघाला भलताच

अमेरिकेत ओहायोमधल्या कोलंबसला आमच्या भागात एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं. तिथून मी गुलाबी काचेच्या चार प्लेटा आणि उंच पायाचे दोन प्याले उचलले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मिस अमेरिका, पूर्ण सेट'. हा हॉकिंग ग्लास कंपनीचा १९३५ ते १९३८ मधला नक्षीचा पॅटर्न, आणि कारखाना लँकेस्टरला, आमच्यापासून तासाभराच्या आत. गावचंच भांडं मिळाल्यासारखी मी हरखले.

घरी आल्यावर उलटंपालटं करून पाहिलं. ना शिक्का, ना नाव. मंदीच्या काळातली ही साच्यात दाबून केलेली स्वस्त काच, ओट्सच्या डब्यातून फुकट मिळायची, थिएटरवाले तिकिटाबरोबर द्यायचे. कोण कशाला त्यावर नाव घालत बसेल? अतिनील टॉर्च मारला, पण काच ढिम्म. तसाही त्या उजेडात युरेनियमची काच हिरवी चमकते, कारखाना कळत नाही. फोटो काढले तर आरपार उजेडामुळे पुढची नक्षी आणि मागची नक्षी एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ.

शंका आली ती सिंकपाशी. (जुनी काच भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घालायची नाही, कायमची धुरकट होते.) प्लेटेवरून स्पंज फिरवताना नक्षीचे उठाव बोटांना टोचत होते. प्याल्यावरचे मात्र गुळगुळीत, चोखून झिजलेल्या खडीसाखरेसारखे. एकाच साच्याच्या घराण्यात इतका फरक?

मग लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसं प्लेटेच्या तळाशी केलं. मधल्या चांदणीच्या सगळ्या रेघा केंद्रापासून सारख्याच अंतरावर थांबलेल्या, जणू कंपासने आखून दिल्यासारख्या. मिस अमेरिकेची ही पक्की खूण. प्याल्याकडे वळले. मिस अमेरिकेच्या प्याल्यांना उठाव संपल्यावर, साध्या काठाच्या आधी, प्याल्याभोवती फिरणारी तीन गोल कडी असतात. मी चष्मा लावून, काढून, खिडकीत धरून शोधली. नव्हतीच. उठाव थेट साध्या काठाला भिडलेले, आणि काठ जरा बाहेर झुकलेला.

म्हणजे प्याले 'इंग्लिश हॉबनेल' या दुसऱ्याच पॅटर्नचे, पेनसिल्व्हेनियातल्या वेस्टमोरलँड कंपनीचे. हॉबनेल म्हणजे बुटाच्या तळाला ठोकायचा जाड डोक्याचा खिळा. इतक्या नाजूक गुलाबी भांड्याला हे नाव कुणाला सुचलं असेल देव जाणे. विकणाऱ्या बाईंनी फसवलं असं मात्र वाटत नाही. त्यांच्या कपाटात ही सहा भांडी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी राहिली असणार, आणि लांबून रंगही एकच.

नवरा म्हणाला, "मग परत करायचे का?" छे! चिठ्ठी तेवढी खोडून नवी लिहिली. दिवाळीत करंज्या मिस अमेरिकेत वाढल्या, पियूष हॉबनेलमध्ये.