वखर ते चॅनल गेट : आमची वाटचाल

आमच्या दुकानाच्या पाटीवर आज 'ग्रिल, गेट, शेड, रेलिंग' असं लिहिलं आहे. उन्हं कलली की त्या रंगाखालून जुनी ओळ डोकावते : 'येथे शेतीची अवजारे पाजवून मिळतील.' पाटी नव्याने रंगवायचं दरवर्षी ठरतं आणि राहून जातं.

गाव वर्धा रोडपासून चार किलोमीटर आत. नागपूरहून येताना खापरी ओलांडायची आणि बुटीबोरीच्या अलीकडे वळायचं. आबा गावचे खाती. वखर, डवरा, तिफण, बंडीची चाकं, लाकडाचं आणि लोखंडाचं सगळं एकाच हाताने. मोबदला खळ्यावर, ज्वारीच्या रूपात. बाबांच्या काळात रोख पैसे सुरू झाले, पण खरी कमाई मिरगाच्या आधीच्या महिन्यातच. पहाटे चारला भाता सुरू व्हायचा आणि दारात वीस-पंचवीस कास्तकार आपापल्या वखराची पास, म्हणजे माती कापणारी लोखंडी पात, घेऊन बसलेले असायचे.

मला सगळ्यात आवडायचं ते धाव चढवणं. बंडीच्या लाकडी चाकाला जी लोखंडी पट्टी असते ती धाव. बाबा ती चाकापेक्षा अंगुळभर लहानच करायचे. मग गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवायची. तापली की वाढते. तिघांनी चिमट्याने उचलून चाकावर ठेवायची, घणाने बसवायची, लाकूड धुपायला लागलं की लगेच पाण्याच्या बादल्या ओतायच्या. चर्रर्र आवाज होऊन धाव आक्रसायची आणि चाकाचा प्रत्येक सांधा कचकन आवळला जायचा. एक खिळा नाही. शाळेत प्रसरण-आकुंचन शिकवलं तेव्हा मी मास्तरांना म्हटलं, हे तर आमच्या अंगणात होतं.

बाबांची आणखी एक विद्या होती. कोणाच्या वावरातली पास कशी झिजून आली यावरून ते जमीन ओळखायचे. काळीत चाललेली पास गुळगुळीत यायची, बरडात, म्हणजे मुरमाड जमिनीत चाललेली कोपरे गोल होऊन, चरे पडून. या विद्येचा पुढे आपल्याला उपयोग होईल असं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

बुटीबोरीत एमआयडीसी वाढली तसं बैलांचं काम घटलं. मी आयटीआय करून वेल्डिंग मशीन घेतली. आधी ट्रॅक्टरच्या पंजीचे फाळ, ट्रॉलीचे फाळके, पऱ्हाटी उपटायचे चिमटे. तेव्हाचं भारनियमन असं की होल्डर हातात आणि लाइट गायब. जनरेटर घेईपर्यंत अर्धं आयुष्य लाइटची वाट पाहण्यात गेलं म्हणा.

लोक म्हणतात मिहानने, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या मालवाहतूक आणि उद्योगांच्या मोठ्या प्रकल्पाने, हा भाग बदलला. माझं मत वेगळं आहे. मिहानच्या बातमीने बदलला. त्यासाठीची विमानतळ विकास कंपनी 2002 मध्ये झाली, 2008 मध्ये जामठ्याच्या स्टेडियमवर कसोटी झाली, खापरीपर्यंत मेट्रो यायला 2019 उजाडलं, शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग सुरू झाला 2022 च्या डिसेंबरात. पण प्लॉट? प्लॉट या सगळ्याच्या आधी आले. वावराच्या धुऱ्यावर चुन्याच्या रेघा पडल्या, मुरमाचे रस्ते झाले आणि प्रत्येक लेआउटला एक कमान हवी झाली. त्या कमानी आम्ही केल्या. नंतर प्लॉटवाल्यांना तारेचं कुंपण आणि फाटक. आत घर नाही, माणूस नाही, कमरेएवढं गाजरगवत, आणि फाटकाला मात्र पितळी कुलूप. कितीतरी वर्षं आमचं पोट या रिकाम्या प्लॉटांवर चाललं.

कमानीच्या धंद्यात एकदा सपशेल बुडालो. एका लेआउटवाल्याने तीन कमानी आणि ऑफिसचं शेड करून घेतलं, दोन लाख बाकी ठेवले आणि एके दिवशी ऑफिसला टाळं. चेक दोनदा परत आला. माझे पैसे गेले ते गेले, पण ज्यांनी कर्ज काढून तिथे प्लॉट घेतले त्यांची जमीन अकृषक झालीच नव्हती. गुंठ्या-गुंठ्याने विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करायचा 2001 चा गुंठेवारीचा कायदा, मग 2017 मध्ये नागपूर महानगर प्रदेशाचं प्राधिकरण, हे शब्द मी त्यांच्याच तोंडून शिकलो. ते चकरा मारत असताना मी कोणत्या तोंडाने बाकी मागणार होतो? तेव्हापासून नियम एकच : निम्मे पैसे हातात आल्याशिवाय पाइप कापायचा नाही. सख्ख्या मेव्हण्यालाही नाही.

नोटबंदी आणि जीएसटी यांवर इथे लिहीत नाही, ते सगळ्यांनीच भोगलं. 2021 मध्ये लोखंडाचे भाव असे चढले की कोटेशनवर 'हा भाव सात दिवस' असं छापून घेतलं. ते आजही तसंच आहे.

आता त्या विद्येचं. मी पहिलं मोठं गेट बसवलं ते एका निवृत्त गुरुजींच्या बंगल्याला. बारा फुटी, दोन पल्ल्यांचं. एप्रिलमध्ये बोटाने ढकललं तरी सरकत होतं. जुलैत सकाळी सहाला फोन, ''अरे, गेट उघडतच नाही, मी आत अडकलो!'' जाऊन पाहतो तर दोन्ही पल्ले एकमेकांत रुतलेले. घासून मोकळे केले. दिवाळीनंतर परत फोन : आता मधे चार बोटं फट पडली, कुत्रं आत येतं. बारा हजार घालून दुसरं गेट केलं, त्याचंही तेच.

शेवटी बाबांना मोटरसायकलवर बसवून नेलं. त्यांनी गेटकडे पाहिलंच नाही. आजूबाजूची कडुनिंबाची झाडं पाहिली, कोणाचं वावर होतं ते अंदाजलं आणि म्हणाले, ''या वावरातली पास कधी झिजूनच नाही आली ना बे. मुरूम खाली लय दूर हाय. तू काळीत खांब गाडला.''

खोदलं तर चार फूट काळी. माझ्या पिलरचा पाया दोन फुटांवर. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, भेगेत हात जाईल एवढी. तिच्यासोबत पिलर डोलायचे. गेटात काही दोष नव्हता. धावेचं गणित घरात तीन पिढ्या होतं, मातीचं तेच गणित मला बारा हजार घालवून कळलं. आता आम्ही मुरूम लागेपर्यंत खाली जातो, दोन्ही पिलर जमिनीखालून आरसीसी बीमने बांधतो म्हणजे हललेच तर सोबत हलतात, आणि बिजागऱ्या बोल्टच्या ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, गेटपेक्षा खड्ड्याचेच पैसे जास्त. हो जी, जास्तच आहेत.

दुकानात सध्या सहा जण आहोत. त्यातल्या एकाच्या वडिलांनी पाच एकर विकलं होतं. घर झालं, चारचाकी आली, दोन लग्नं झाली, आणि तो माझ्याकडे वेल्डिंग शिकायला आला. हात फार सफाईचा. मागच्या वर्षी एका फ्लॅट स्कीमच्या ग्रिलचं काम होतं. लिफ्टच्या खड्ड्यात भर मे महिन्यात पाणी भरायचं, बिल्डर पंप लावून थकला होता. हा वर दुसऱ्या मजल्यावर ग्राइंडर चालवत होता. बंद करून खाली आला, खड्ड्यात डोकावला आणि मला हळूच म्हणाला, ''भाऊ, इथं आमची विहीर होती.'' मग परत वर गेला. ते काम कोणाच्या जमिनीवर आहे हे मी त्याला पाठवण्याआधी विचारायला हवं होतं.

त्याच स्कीममधून आता आमच्या आवाजाची तक्रार झाली आहे. त्यांचंही चुकत नाही, लहान लेकरं आहेत, कोणी रात्रपाळी करून आलेलं असतं. त्यांच्या बाल्कनीतून आमचा पत्रा दिसतो आणि त्यांच्या बाल्कनीला आमचीच ग्रिल आहे. सकाळी नऊच्या आधी आणि सातनंतर घण चालवणं बंद केलं आहे. मिरगाआधी अजून सात-आठ कास्तकार फाळ घेऊन येतात, त्यांनाही आता नऊनंतरच बोलावतो.

पोरगा म्हणतो, पावडर कोटिंगचं युनिट टाकू आणि दक्षिणेला आणखी आत जागा घेऊ. परवा दोघं एक जागा पाहायला गेलो. मालक रस्त्याचा, लाइटचा, पुढच्या पाच वर्षांतल्या भावाचा हिशेब सांगत होता. मी डिक्कीतून सब्बल काढली. तीन फूट गेलो तरी काळीच. पोराने घाम पुसून विचारलं, ''अजून खोदू का, बाबा?''

म्हटलं, खोद.