स्टुटगार्टचं आंबवण, ठाण्याचा ओटा

स्टुटगार्टला राहायला गेल्यापासून ठाण्याहून येणाऱ्या फोनवरचा एक प्रश्न कायम आहे: "रात्री काय जेवलीस?" माझं उत्तर बहुतेक वेळा "पाव" असंच असतं. आपल्याकडे पाव खातात तो मिसळीबरोबर, नाहीतर आजारपणात दुधात बुडवून. रात्रीचं जेवण म्हणून नुसता पाव म्हटलं की आईला वाईट वाटतं, ते तिच्या आवाजात कळतं.

म्हणून आधी तिकडची गोष्ट सांगते. बऱ्याच जर्मन घरांत गरम जेवण दुपारी होतं आणि संध्याकाळी गॅस पेटतच नाही. संध्याकाळच्या त्या थंड जेवणाचं नावच ‘आबेंडब्रोट’. दाट, आंबूस पाव, वर लोणी, चीज, बाजूला काकडी किंवा मुळा. जर्मनीने २०१४ मध्ये आपली ब्रेडसंस्कृती देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली, इतका हा जिव्हाळ्याचा विषय आहे. हल्ली आपल्याकडच्या कॅफेंत ज्याला ‘सावरडो’ म्हणतात तो आंबवलेला पाव तिथे हौस म्हणून आलेला नाही. तिथल्या थंड मुलखात राय नावाचं धान्य पिकतं. त्याच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन या चिवट प्रथिनाचं जाळं धरत नाही आणि त्यातली एन्झाइम भट्टीत स्टार्चचं विघटन करून आतला गर चिकट, ओलसर करून ठेवतात. पीठ आंबलं की त्या आंबटपणाने एन्झाइमना आवर बसतो आणि पाव नीट भाजला जातो.

मी तो पाव तिथे शिकले, पण मला मनापासून आवडतात ते लसणाचे बन. मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या जंगलांत ‘बेअरलाउख’ नावाचा रानलसूण उगवतो. त्याची पानंच खातात. झाडांखाली हिरवा गालिचा पसरलेला असतो आणि पायवाटेवर फोडणीसारखा वास सुटतो. लोक पिशव्या भरून पानं खुडून नेतात. मी मात्र आठवडी बाजारातूनच विकत घेते, कारण ‘लिली ऑफ द व्हॅली’ची विषारी पानं दिसायला जवळजवळ तशीच असतात. ही पानं बारीक चिरून लोण्यात कालवायची आणि ते लोणी आंबवलेल्या पिठाच्या बनांत भरायचं. उन्हाळ्यात शेजारी अंगणात शेगडी लावतात, प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो. माझ्याकडून आता हेच बन अपेक्षित असतात.

एरवी मी तिकडून लिहिते. या खेपेला मेपासून पाचपाखाडीत दादाकडे आहे, ऑफिसचं काम इथूनच चाललंय, आणि वहिनीच्या ओट्यावर हे बन नियमित होताहेत. मैत्रिणींनी, आत्याने, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कृती मागितली. ती देतेच, पण त्याआधी जे सांगायचंय ते माझ्या मते कृतीपेक्षा महत्त्वाचं आहे: थंड देशातल्या व्हिडिओंमधले तास ठाण्यात पाळू नका.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण हवेच्या बाबतीत दोघींचं काहीच जुळत नाही. माझ्या तिकडच्या स्वयंपाकघरात हिवाळ्यात वीस अंशांच्या आसपास तापमान असतं. त्या थंडीत हे पीठ फुगायला आठ-दहा तास सहज लागतात, कधी ओव्हनचा नुसता दिवा लावून त्याच्या उबेत ठेवावं लागतं. ठाण्यात मे महिन्यात ओट्यावर बत्तीस-तेहेतीस अंश असतात. तेच पीठ तीन ते चार तासांत तयार होतं. व्हिडिओत ‘रात्रभर बाहेर ठेवा’ म्हणतात म्हणून इथे ठेवलंत, तर सकाळी परातीत पातळ, चिकट, आंबटढाण लगदा सापडेल. यात मैद्याचा दोष नसतो. आंबटपणा ठरावीक हद्दीपलीकडे गेला की पिठातलीच एन्झाइम ग्लुटेनचे धागे तोडू लागतात, आणि तुटलेलं जाळं कितीही मळलं तरी पुन्हा धरत नाही. बऱ्याच जणी इथेच हात टेकतात आणि ‘आपल्याकडे हे जमत नाही’ असं ठरवून टाकतात. ते ऐकलं की मला कळवळायला होतं, कारण आंबवण्याचं ज्ञान तर आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे.

वहिनीचंच बघा. तिने हे बन यापूर्वी कधी केले नव्हते, पण पहिल्या दिवशी पातेल्यावरचं झाकण उचलून ती म्हणाली, "झालंय गं हे, आता थांबू नकोस." घड्याळाप्रमाणे अजून तास बाकी होता. तिचं बरोबर होतं. इडलीचं पीठ उन्हाळ्यात किती वेळात चढतं, पावसाळ्यात किती, थंडीत डबा कशात गुंडाळायचा, हे तिला वासावरून आणि बुडबुड्यांवरून कळतं. इडलीच्या पिठात ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू वायू तयार करतात आणि उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो. पावाच्या आंबवणात रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू एकत्र नांदतात आणि वायू धरतं ते गव्हातलं ग्लुटेन. ज्या घरात आंबोळ्या होतात त्या घरात हे बन होणारच.

आंबवण मी तिकडून वाळवून आणलं होतं. बेकिंग पेपरवर त्याचा पातळ थर पसरायचा, पंख्याखाली कडक वाळू द्यायचा, मग चुरा करून पिशवीत. कोमट पाण्यात भिजवून पीठ घातलं की दोन-तीन दिवसांत ते जागं होतं. पण यासाठी जर्मनीहून काही आणायची मुळीच गरज नाही. चक्कीची ताजी कणीक आणि पाणी समभाग घेऊन बरणीत कालवा, झाकण सैल ठेवा, रोज त्यातलं थोडंच ठेवून नवी कणीक-पाणी घाला. आठवड्याभरात, दहा दिवसांत आंबवण तयार होतं. पहिल्या दोन दिवसांत भसाभस फुगेल आणि मग एकदम मंदावेल, तेव्हा टाकून देऊ नका. सुरुवातीचे नको असलेले जिवाणू आंबटपणा वाढला की मरतात आणि हवे असलेले जम धरतात, त्यासाठी तेवढा वेळ लागतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या देशांतल्या बेकर्सना एकाच प्रकारचं पीठ देऊन आंबवण करायला सांगितलं होतं, तरी प्रत्येकाच्या आंबवणातले जीव थोडे वेगळे निघाले, आणि बेकर्सच्या हातांवरच्या जिवाणूंशी त्यांचं नातं दिसलं. म्हणजे वहिनीच्या बरणीतलं आंबवण आता वहिनीचंच आहे.

इथल्या उकाड्यात आंबवणाला भरपूर खाऊ घालावं लागतं. तिकडे मी एक भाग आंबवणाला एक भाग पीठ, एक भाग पाणी घालते. इथे पाच-पाच भाग घालते, नाहीतर ते दुपारपर्यंत भुकेजून आंबट होतं. रोज करायचं नसेल तर सरळ फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याला एकदा खाऊ घाला. विरजणाची वाटी जपतो तेवढंच जपायचं.

आता प्रमाण. मैदा ४०० ग्रॅम, चक्कीची कणीक १०० ग्रॅम, आंबवण ७५ ग्रॅम, फ्रिजमधलं गार पाणी २०० ग्रॅम, गार दूध १२० ग्रॅम, साखर एक मोठा चमचा, मीठ ९ ग्रॅम, मऊ लोणी ३० ग्रॅम. बारा बन होतात. तिकडे मी ५५० क्रमांकाचं पीठ वापरते. हा आकडा शंभर ग्रॅम कोरड्या पिठात किती मिलिग्रॅम राख उरते त्यावरून ठरतो, म्हणजे धान्याचा कोंड्याजवळचा भाग पिठात किती आला ते कळतं. आपला मैदा बहुधा त्यापेक्षा मऊ असतो, म्हणून पाणी बेतानेच घाला. कणीक मात्र पाणी पिते, कारण चक्कीत दगडांमध्ये रगडताना स्टार्चचे कण बरेच तुटतात. पाऊस सुरू झाला की डब्यातलं पीठच दमट असतं. जूनपासून मी पाणी पंधरा-वीस ग्रॅमने कमी करते.

पीठ, पाणी, दूध एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. त्यात आंबवण मिसळा, मग मीठ, साखर, शेवटी लोणी, आणि चांगलं मळा. दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने कडा ओढून मध्ये दुमडा, असं तीनदा. त्याच पिठाची छोटी गोळी एका सरळ, अरुंद काचेच्या बरणीत ठेवून बाहेरून रबरबँड लावा. गोळी दीडपट झाली की मोठं पीठही तयार आहे. दुप्पट होण्याची वाट ठाण्यात पाहू नका, कारण तुम्ही बन वळत असतानाही ते फुगतच असतं. गोळे करून ताटलीत लावा, झाका, दीड तास बाहेर ठेवा, किंवा माझ्यासारखे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी भाजा. फ्रिजमधल्या बनांना चव जास्त चढते आणि सकाळची घाईही वाचते.

लसूण कच्ची ठेचून पिठात घालू नका, हे मी सगळ्यांना बजावते. पाकळी ठेचली की पेशी फुटतात आणि ॲलिनेज नावाचं एन्झाइम ॲलिइनपासून ॲलिसिन बनवतं. लसणीचा तो झणका त्याचाच, पण ॲलिसिन जंतूंना मारक असतं आणि यीस्टलाही मंद करतं. म्हणून लसणीची जागा लोण्यात. जांभळी नाक्यावर बारीक पाकळ्यांची गावठी लसूण मिळाली तर तीच आणा. सोलायला वेळ जातो, पण वास दुप्पट. बारा-पंधरा पाकळ्या ठेचून दहा मिनिटं तशाच ठेवा, मग ८० ग्रॅम लोण्यात अगदी मंद आचेवर नुसत्या गरम करा, लाल होऊ देऊ नका. कोथिंबीर, मिरपूड घाला. खारं अमूल बटर असेल तर वेगळं मीठ नको. बन वळतानाच यातलं निम्मं लोणी आत भरायचं आणि उरलेलं भाजून झाल्यावर वर लावायचं. भाजण्याआधी वरून लावलं तर लसणीचे कण करपून कडू होतात.

ओटीजीमध्ये दोन्ही सळ्या लावून २०० अंशांवर वीस-बावीस मिनिटं. वरची सळी जवळ असते, रंग आला की फॉइल झाका.

आईने यात एक बदल सुचवला: आत भरायच्या लोण्यात दोन चमचे लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी. मला तो मूळ बनापेक्षाही आवडला. सुक्या खोबऱ्याचा खमंगपणा आणि आंबवलेल्या पिठाची आंबूस चव एकमेकांना धरून राहतात, लोण्याचा तेलकटपणा जाणवत नाही. बेअरलाउखच्या हंगामात हे तिकडच्या शेजाऱ्यांना खिलवायचं आहे. आणि याच्याबरोबर टोमॅटोचं सार! रविवारी रात्री पाऊस कोसळत होता, आम्ही सार आणि बन एवढंच जेवलो, दादाने भात मागितला नाही. फोनवर सुस्कारे टाकणारी आई तेव्हा शेजारी बसून बन साराच्या वाटीत बुडवत होती.

काकूंनी विचारलं, मग रोजच्या लादी पावाऐवजी हेच करावेत का? मला तसं वाटत नाही. मामलेदारच्या मिसळीला लादी पावच हवा. त्या तिखट तर्रीला मऊ, बिनआंबट पाव लागतो, तिथे हा बन चवीच्या आड येईल. भल्या पहाटे भट्टीतून निघून वस्तीत पोचणारा लादी पाव ही शहराची मोठी सोय आहे आणि ती टिकावी. हा बन वेगळ्या ताटाचा आहे. त्याचा एक फायदा पावसाळ्यात जाणवतो: आंबवणातल्या आम्लांमुळे बुरशी जरा उशिरा धरते आणि दुसऱ्या दिवशीही तो मऊ राहतो. तव्यावर झाकण ठेवून गरम केला की पुरे.

आत्याला मधुमेह आहे, तिने फोनवर विचारलं, "आंबवलेला आहे ना, मग मला चालेल?" तिला सांगितलं तेच इथे सांगते. आंबवलेल्या पावाने साखर काहीशी सावकाश चढू शकते, पण यात चारशे ग्रॅम मैदा आणि वर लोणी आहे. अर्धा बन खा, ताटात बाकीचं नेहमीचं ठेवा. आणि ज्यांना सिलिॲक आजार आहे, म्हणजे ग्लुटेन सोसतच नाही, त्यांनी हा मुळीच खाऊ नये, आंबवल्याने ग्लुटेन निघून जात नाही.

डिसेंबरात ठाण्यात सकाळी गारवा येईल, बाजारात ओली लसूण दिसू लागेल. तेव्हा तिची पात बारीक चिरून लोण्यात घाला, बेअरलाउखच्या सगळ्यात जवळ जाणारी चव तीच. त्या दिवसांत पीठ तीन तासांत फुगणार नाही, पाच-सहा लागतील, आणि गार पाण्याऐवजी साधं पाणी चालेल. मी तोवर स्टुटगार्टला परतलेली असेन, पण आंबवण वहिनीकडे आहे. पाचपाखाडी-नौपाड्यातल्या ज्यांना हवंय त्यांनी स्वच्छ काचेची बरणी घेऊन यायचं, वहिनी दोन चमचे देईल. येताना तिला आदल्या दिवशी सांगा, म्हणजे ती जास्तीची कणीक घालून ठेवेल.