लोकलहोस्ट कोणाचा?

शनिवार, रात्रीचे पावणेबारा

डेटा इंजिनिअरिंगच्या कोर्सचा पहिला आठवडा संपत आला आणि डेटाला पहिल्यांदा हात लागला तो आत्ता, तासाभरापूर्वी. बाकी सगळा दिवस डॉकरने खाल्ला, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत (कंटेनरांत) चालवणाऱ्या साधनाने. नोट्समध्ये एका ओळीत उरकलंय: 'पोस्टग्रेसचा कंटेनर चालू करा.' (पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस.)

सकाळी चालू करायला गेले, तर पोर्ट ५४३२, म्हणजे पोस्टग्रेसकडे जायचं क्रमांकाचं दार, आधीच कोणीतरी अडवलेला. कधीकाळी थेट मशीनवर टाकलेलं पोस्टग्रेस गुपचूप चालू होतं. मी तर विसरूनही गेले होते. मग कंपोझ फाइलमध्ये (कंटेनर कसे चालवायचे ते हिच्यात लिहितात) ५४३३:५४३२ लिहिलं. डावीकडचा आकडा माझ्या मशीनचा, उजवीकडचा कंटेनरच्या आतला. लॅपटॉपवरून कनेक्ट झालं, रिकामा डेटाबेस दिसला, मी खूश.

दुपारी डेटा भरायची पायथन स्क्रिप्टही कंटेनरमध्ये घातली, आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. तीच स्क्रिप्ट, तोच लोकलहोस्ट (म्हणजे 'हेच मशीन' असा पत्ता), तोच ५४३३ लॅपटॉपवर बिनबोभाट चालत होता. दोन तास मी पासवर्ड तपासत बसले. रिफ्यूज्ड म्हणजे त्या दारामागे ऐकायलाच कोणी नाही, तिथे पासवर्ड विचारणार कोण? मग डॉकर बंद करून चालू केला (हे करून झाल्याशिवाय मला विचार करायचं सुचतच नाही). शेवटी ट्यूब पेटली. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. माझा लॅपटॉप नव्हे, शेजारचा डेटाबेसही नव्हे. बिचारी स्क्रिप्ट स्वतःच्याच घरात पोस्टग्रेस शोधत फिरत होती.

लोकलहोस्टच्या जागी कंपोझ फाइलमध्ये डेटाबेसच्या कंटेनरला दिलेलं नाव टाकलं, 'डीबी'. पुन्हा रिफ्यूज्ड! या वेळी मात्र दोनच मिनिटं गेली. ५४३३ हे दार बाहेरून येणाऱ्यांसाठी. एकाच नेटवर्कमधल्या कंटेनरांनी एकमेकांकडे जायचं ते आतल्या ५४३२ वरूनच.

मधेच कंपोझ फाइलमध्ये पासवर्ड बदलला, तर नवा लागूच होईना. पोस्टग्रेसची इमेज (ज्या साच्यावरून कंटेनर बनतो ती) तो फक्त डेटाची डिरेक्टरी रिकामी असताना वाचते, आणि माझा व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरचा डेटा साठवायची जागा, सकाळीच तयार झालेला. 'डॉकर कंपोझ डाउन'ला 'व्ही' जोडून सरळ व्हॉल्यूमच उडवला. आत काही नव्हतं म्हणून बोट कचरलं नाही.

मग न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सींच्या जानेवारी २०२१ च्या फेऱ्या, लाख-लाख ओळींचे गठ्ठे करून भरायला लावल्या. प्रत्येक गठ्ठ्यामागे टर्मिनलवर एक ओळ उमटत होती आणि मी प्रत्येक ओळ वाचत होते. चौदावा अपुराच निघाला. काउंट मारून ओळी मोजल्या: १३,६९,७६५.

मशीनवरचं जुनं पोस्टग्रेस अजून चालूच आहे. ते उद्या काढेन. ५४३३ मात्र आता बदलायची नाही, हात लावायची भीती वाटते.